आभासी पटावरील टोकनांचा मोठा संग्रह कसा लावावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा कथाखेळ) खेळणारे गट विखुरलेले आहेत. एक खेळाडू चोपड्यात, दुसरा शहाद्यात आणि तिसरा नोकरीनिमित्त पुण्यात असल्यामुळे बहुतेकांचा खेळ संगणकावरील आभासी पटावरच चालतो. अशा पटावर प्रत्येक पात्र, प्राणी आणि राक्षस एका छोट्या चित्राच्या रूपाने उभा असतो, आणि त्यालाच टोकन म्हणतात. दोन-चार वर्षे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरकडे अशी हजारो चित्रे साठतात, पण नेमके हवे ते चित्र ऐन वेळी सापडत नाही. या अडचणीविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

संग्रह किती वाढला की तो लावायला घ्यावा?

टोकनांच्या संख्येपेक्षा ते शोधायला लागणारा वेळ हा खरा निकष आहे. खेळ चालू असताना खेळाडूंनी अनपेक्षितपणे नदीकाठची वाट धरली आणि तुम्हाला मगरीचे टोकन पटावर आणायला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागला, तर संग्रह लावण्याची वेळ आली आहे असे समजावे. शे-दीडशे टोकन असतील तर एकच फोल्डर आणि लघुचित्रांचे दृश्य एवढ्यावर काम भागते. तेवढ्यासाठी व्यवस्था उभारण्यात श्रम घालवू नयेत.

सगळे फोल्डर एकदम रिकामे करून नव्याने लावावेत का?

नाही. हजारो फाइली एका बैठकीत लावू पाहणारा माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो, आणि मग अर्धा संग्रह जुन्या पद्धतीने तर अर्धा नव्या पद्धतीने राहतो. पहिल्याच अवस्थेपेक्षा ही अवस्था अधिक त्रासदायक असते. त्याऐवजी आधी दोन फोल्डर करावेत. ‘मूळ’ या फोल्डरात आजवर उतरवून घेतलेले सर्व संच, झिप फाइलींसह, जसेच्या तसे ठेवावेत आणि त्यांतील एकाही फाइलीचे नाव बदलू नये. ‘वापरातील’ हा दुसरा फोल्डर सुरुवातीला रिकामा असावा. पुढच्या सत्रासाठी जी टोकन लागतील तेवढीच ‘मूळ’मधून प्रत करून, योग्य नाव देऊन आणि योग्य आकारात आणून ‘वापरातील’मध्ये घालावीत. अशा रीतीने खेळाच्या गरजेनुसार संग्रह आपोआप लागत जातो, आणि जे टोकन कधीच लागत नाही त्याच्यावर श्रमही होत नाहीत.

मूळ फाइलींना हात न लावण्याचा आग्रह मी धरतो, कारण कलाकाराने संचाची सुधारित आवृत्ती काढली की ती जुन्या नावांशी ताडून पाहावी लागते. टोकन कोणाचे आणि कोणत्या अटींवर मिळाले, हेही बहुधा मूळ संचातील मजकुराच्या फाइलीतच लिहिलेले असते.

‘वापरातील’ फोल्डराची विभागणी कलाकारानुसार करावी, मोहिमेनुसार (म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या एकेका कथेनुसार) करावी की प्राण्यानुसार?

तिन्ही पद्धती प्रचारात आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी वापरू पाहणे हेच बहुतेक गोंधळाचे मूळ असते. फाइल एका वेळी एकाच फोल्डरात राहू शकते. म्हणून फोल्डराची पातळी ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : खेळाच्या ऐन गर्दीत माझ्या मनात पहिला शब्द कोणता येतो? ‘अमुक कलाकाराचे टोकन हवे’ असे त्या वेळी कोणाच्याही मनात येत नाही. ‘लांडगा हवा’, ‘पहारेकरी हवा’, ‘म्हातारी हवी’ असेच येते. यासाठी टोकन काय आहे, हाच मुख्य फोल्डराचा आधार असावा. कलाकाराचे नाव ‘मूळ’मध्ये टिकून राहतेच.

मोहिमेनुसार केलेले फोल्डर आरंभी सोयीचे वाटतात, पण मोहीम संपल्यावर त्यांतील डाकू, बैलगाड्या आणि व्यापारी तेथेच अडकून पडतात. पुढच्या मोहिमेत तेच डाकू पुन्हा उतरवून घेतले जातात आणि दुहेरी प्रतींना सुरुवात होते.

पहिल्या पातळीवर माणसे, पशू, राक्षस, मृतात्मे, वाहने व वस्तू असे सहा-सात विभाग पुरेसे होतात. माणसांचा विभाग सर्वांत लवकर फुगतो. त्याची फोड वंशानुसार करण्यापेक्षा कामानुसार करावी, म्हणजे सैनिक, डाकू, पुजारी, व्यापारी, गावकरी, राजघराणे अशी. दोन पातळ्यांहून खोल जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या पातळीवर गेल्यावर ‘सशस्त्र गावकरी’ सैनिकांत घालावा की गावकऱ्यांत, असले निर्णय दर वेळी वेगळे होतात, आणि काही महिन्यांनी आपण काय ठरवले होते ते आपल्यालाच आठवत नाही. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची लांबी सामान्यतः २६० अक्षरांपर्यंतच चालते, हेही खोल फोल्डर टाळण्याचे एक व्यावहारिक कारण आहे.

फाइलीचे नाव कसे असावे?

नावात सामान्याकडून विशेषाकडे जावे : आधी जात (म्हणजे टोकनाचा मुख्य प्रकार), मग उपप्रकार, मग हातातील शस्त्र किंवा कृती, मग पटावर व्यापायच्या चौकटी आणि शेवटी क्रमांक. उदाहरणार्थ, ‘डाकू-सरदार_तलवार_१बाय१_०३’. येथे वाचनाच्या सोयीसाठी नाव देवनागरीत दिले आहे, प्रत्यक्ष फाइलीसाठी लिपी कोणती असावी याचे उत्तर पुढे आहे. जात आधी आल्यामुळे वर्णक्रमाने लावल्यावर सर्व डाकू शेजारी-शेजारी येतात, आणि ‘डाकू’ एवढेच टंकले तरी सगळे एकत्र दिसतात.

क्रमांक ०१, ०२ असे शून्यासह लिहावेत, कारण शून्य नसेल तर अनेक प्रणाली १० हा अंक २ च्या आधी लावतात. नावात मोकळी जागा सोडू नये, जोडरेघ आणि अधोरेषा या दोनच खुणा वापराव्यात. तारांकन, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबे, अवतरणचिन्ह, उभी रेघ, तिरप्या रेघा आणि कोनी कंस ही चिन्हे विंडोज नावात स्वीकारतच नाही.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. विंडोजच्या संगणकावर मोठी आणि छोटी रोमन लिपी यांत भेद होत नाही, पण लिनक्सच्या सर्व्हरवर होतो. घरच्या संगणकावर व्यवस्थित चालणारी मोहीम भाड्याच्या सर्व्हरवर नेली की निम्मी टोकन दिसेनाशी होतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून सर्व नावे पहिल्यापासून छोट्या लिपीतच ठेवावीत.

फाइलींची नावे देवनागरीत ठेवली तर चालतात का?

आपल्या संगणकावर चालतात, आणि आपल्या भाषेत शोधता येण्याचे सुख मोठे आहे, हे मान्यच आहे. तरीही पटावर चढवायच्या फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवावीत अशी माझी शिफारस आहे, आणि तिची कारणे तांत्रिक आहेत. ब्राउझर जेव्हा फाइलीचा पत्ता मागतो तेव्हा देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मोडले जाते, आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. ‘अस्वल’ या शब्दात हलन्ताची खूण धरून पाच चिन्हे आहेत, त्यामुळे पत्त्यात त्याची लांबी ४५ अक्षरे होते. चार-पाच शब्दांचे नाव असेल तर पत्ता अवाढव्य होतो, आणि काही चूक झाली तर तो वाचून ती शोधणे अशक्य होते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. मराठीतील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते : एकाच चिन्हाच्या रूपात, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा जोडीच्या रूपात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधाला ते वेगळे वाटू शकतात. ‘शेतकऱ्याची बैलगाडी’ असे नाव एका कळफलकावरून दिले आणि दुसऱ्या कळफलकावरून शोधले, तर फाइल समोर असूनही सापडत नाही.

याचा अर्थ मराठी सोडून द्यावी असा मुळीच नाही. फाइलीचे नाव रोमनमध्ये ठेवून पटावरील पात्राचे नाव, वर्णन आणि टॅग मराठीतच लिहावेत. खेळाडूंना फाइलीचे नाव दिसत नाही, त्यांना दिसते ते पात्राचे नाव.

रोमन लिपीत मराठी शब्द लिहिताना प्रत्येक जण वेगळे लिहितो. त्यावर उपाय काय?

ही अडचण खरी आहे. ‘वाघ’ हा शब्द कोणी व्ही वापरून लिहितो तर कोणी डब्ल्यू वापरून, कोणी एक ए लिहितो तर कोणी दोन. परिणामी एकाच संग्रहात वाघांचे चार गट पडतात. त्यावर एकच उपाय टिकतो, तो म्हणजे शब्दयादी. एका साध्या मजकुराच्या फाइलीत, संग्रहाच्या अगदी वरच्या पातळीवर, प्रत्येक जातीसाठी ठरवलेला एकच शब्द लिहून ठेवावा आणि नवीन टोकन आत घेताना ती यादी उघडी ठेवावी. शब्द मराठी असावा की इंग्रजी, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न आहे. मात्र नियमपुस्तकातील राक्षसांसाठी पुस्तकातलेच नाव वापरणे सोयीचे जाते, कारण पात्राची माहिती त्याच नावाने शोधली जाते. बिबट्या, तरस, घोरपड यांसारख्या आपल्याकडच्या प्राण्यांसाठी मराठी शब्द ठेवायला काहीच हरकत नाही.

धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखितांचा उपयोग अभ्यासकाला होतो तो बाडे जपली गेली म्हणून आणि त्यांची नोंद झाली म्हणूनही, आणि टोकनांच्या शब्दयादीचे काम त्या नोंदीसारखेच आहे.

टॅग वापरावेत का? त्यासाठी कोणते साधन चांगले?

संग्रह दोन-तीन हजारांच्या पुढे गेला की टॅग उपयोगी पडतात, त्याआधी नीट दिलेली नावे पुरेशी असतात. विंडोजवर ‘एव्हरीथिंग’ हे विनामूल्य साधन नावावरून क्षणात शोध घेते, आणि नावे शिस्तीत असतील तर टॅगांची गरज बरीच पुढे ढकलता येते. टॅग लावायचेच असतील तर ‘डिजिकॅम’ हे मुक्त साधन पाहावे. त्यात टॅग साधनाच्या अंतर्गत नोंदीत ठेवता येतात आणि हवे तर फाइलीतही लिहिता येतात. फाइलीत लिहिण्याचा पर्याय जरूर चालू करावा, अन्यथा संगणक बदलला की सर्व श्रम वाया जातात.

टॅग कशासाठी लावायचा, तर जे फोल्डर आणि नाव यांतून कळत नाही त्यासाठीच. भूप्रदेश (जंगल, नदी, डोंगर, शहर), चित्राची शैली (वरून पाहिलेले की चेहऱ्याचे) आणि परवाना हे तीन प्रकारचे टॅग मला सर्वांत उपयोगाचे वाटतात. शैलीचा टॅग तर आवश्यकच समजावा. वरून पाहिलेले टोकन आणि गोल चौकटीतील चेहऱ्याचे टोकन एकाच पटावर आले की चित्र विसंगत दिसते आणि खेळाडूंचे लक्ष उडते.

टोकन किती पिक्सेलचे आणि कोणत्या स्वरूपात ठेवावे?

बहुतेक संग्रहांत सर्वाधिक वाया जाणारी जागा आणि वेळ या एका बाबीमुळे जातो, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे.

रोल२० या ऑनलाइन आभासी पटाच्या सेवेत पटाची एक चौकट मुळात ७० पिक्सेलची असते, तर स्वतःच्या संगणकावर किंवा सर्व्हरवर चालवायच्या फाउंड्री या आभासी पटात १०० पिक्सेलची. खेळाडू पट जवळ ओढून पाहतात हे लक्षात घेतले तरी एका चौकटीच्या टोकनाला ४०० बाय ४०० पिक्सेल पुरेसे होतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीत मध्यम आकाराचा प्राणी एक चौकट व्यापतो, मोठा दोन बाय दोन, प्रचंड तीन बाय तीन आणि महाकाय चार बाय चार किंवा त्याहून अधिक. तेव्हा मोठ्या प्राण्यासाठी ५०० ते ६०० पिक्सेल आणि महाकाय प्राण्यासाठी हजाराच्या आसपास ठेवावेत. कलाकारांकडून मिळणारी चित्रे पुष्कळदा २,००० पिक्सेलांच्या पुढची असतात. ती ‘मूळ’मध्ये तशीच राहू द्यावीत आणि ‘वापरातील’मध्ये लहान केलेली प्रत घालावी.

स्वरूप वेबपी असावे. हे स्वरूप गूगलने २०१० मध्ये जाहीर केले आणि त्यात पारदर्शक पार्श्वभूमी टिकते. गूगलच्याच मोजणीनुसार दर्जा न घटवता केलेली वेबपी फाइल पीएनजीपेक्षा सुमारे २६ टक्के लहान असते, आणि दर्जा किंचित घटवण्याची तयारी असेल तर ती पुष्कळच लहान होते. जेपीईजीत पारदर्शकता नसल्यामुळे टोकनाभोवती पांढरा चौकोन उरतो, म्हणून ते टाळावे. शेकडो फाइली एकदम बदलण्यासाठी ‘एक्सएनकन्व्हर्ट’ किंवा ‘इरफानव्ह्यू’ वापरता येते.

मात्र फाइल लहान झाली म्हणजे काम संपले, असे नाही. चित्र पटावर आले की ते संगणकाच्या मेमरीत पूर्ण उलगडले जाते, आणि तेथे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, फाइल वेबपी असो वा पीएनजी. ४०० बाय ४०० चे टोकन तेथे सुमारे ६४० किलोबाइट जागा घेते, तर २,०४८ बाय २,०४८ चे टोकन १६ मेगाबाइट घेते. अशी तीस वेगवेगळी टोकन पटावर आली तर पहिल्या स्थितीत २० मेगाबाइटांपेक्षा कमी जागा लागते आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे ४८० मेगाबाइट. जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्याचा पट अडखळतो तो या दुसऱ्या आकड्यामुळे.

इंटरनेट जोडणीचा हिशेबही असाच आहे. गेम मास्टर स्वतःच्या घरून फाउंड्री चालवत असेल, त्याच्या जोडणीचा पाठवण्याचा वेग १० एमबीपीएस असेल, प्रत्येकी दीड मेगाबाइटची तीस टोकन असतील आणि पाच खेळाडू असतील, तर २२५ मेगाबाइट बाहेर पाठवावे लागतात आणि त्याला तीन मिनिटे जातात. तीच टोकन प्रत्येकी ४० किलोबाइटची असतील तर काम पाच सेकंदांत होते. जो खेळाडू मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबून आहे, त्याच्यासाठी हा फरक म्हणजे सत्रात सहभागी होता येणे किंवा न येणे.

एकाच टोळीतील दहा डाकूंना वेगवेगळे चेहरे कसे द्यावेत?

फाउंड्रीमध्ये यासाठी सुंदर सोय आहे, आणि नावांची शिस्त तिथे फळाला येते. पात्राच्या मूळ टोकनाच्या (प्रोटोटाइप टोकनच्या) पत्त्यात क्रमांकाच्या जागी तारांकन लिहून यादृच्छिक चित्राचा पर्याय चालू केला, की प्रत्येक वेळी टोकन पटावर ठेवताना त्या नावाने सुरू होणाऱ्या फाइलींपैकी एक आपोआप निवडली जाते. म्हणजे ‘डाकू-धनुर्धारी’ने सुरू होणाऱ्या बारा फाइली असतील तर एकाच पात्रातून बारा वेगळे धनुर्धारी उभे राहतात. यासाठी एका गटातील फाइलींच्या नावांचा आरंभ तंतोतंत सारखा हवा, आणि गटात चुकून दुसरे काही मिसळलेले नको.

फाउंड्रीमध्ये फोल्डर हलवल्यावर टोकन का दिसत नाहीत?

कारण फाउंड्री चित्र साठवत नाही, चित्राचा पत्ता साठवते. हा पत्ता पात्रात, पात्राच्या मूळ टोकनात आणि पटावर आधीच ठेवलेल्या प्रत्येक टोकनात स्वतंत्रपणे लिहिलेला असतो. त्यामुळे पात्रातील चित्र बदलले तरी आधी मांडलेली टोकन जुनाच पत्ता धरून बसतात. यासाठीच फोल्डरांची पहिली पातळी विचारपूर्वक ठरवावी आणि मोहीम चालू असताना ती बदलू नये. बदल अटळ असेल तर फाइली कापून न नेता त्यांची प्रत करावी, नवे पत्ते तपासावेत आणि मोहीम संपल्यावरच जुन्या काढाव्यात.

रोल२० वापरणाऱ्यांनी काय वेगळे करावे?

तेथे चित्रे कंपनीच्या सर्व्हरवर चढतात आणि खात्याच्या प्रकारानुसार जागेची मर्यादा असते. म्हणून संपूर्ण संग्रह न चढवता चालू मोहिमेपुरतेच टोकन चढवावेत. संग्रहाची मुख्य प्रत आपल्या संगणकावरच असावी आणि खात्यातील ग्रंथालयाला तिची तात्पुरती शाखा मानावे. चढवण्यापूर्वीच नाव आणि आकार नीट करून घ्यावा, कारण चढवल्यावर एकेक दुरुस्त करणे फार वेळखाऊ आहे.

दुहेरी प्रती कशा शोधाव्यात?

दोन प्रकारच्या प्रती असतात. एक तंतोतंत सारखी, आणि दुसरी तेच चित्र पण वेगळ्या आकाराचे किंवा भोवती वेगळे कडे (गोल किनार) असलेले. ‘च्काव्का’ आणि ‘ड्यूपगुरू’ ही विनामूल्य साधने दोन्ही शोधतात. पहिल्या प्रकारच्या प्रती निर्धास्तपणे काढाव्यात. दुसऱ्या प्रकारात मात्र साधनाचा निर्णय डोळे झाकून मान्य करू नये. तलवार धरलेला आणि तलवार म्यान केलेला एकच सैनिक साधनाला सारखा वाटतो, परंतु खेळात त्या दोन वेगळ्या अवस्था असतात आणि दोन्ही लागतात.

इंटरनेटवर सापडलेले कोणतेही चित्र टोकन म्हणून वापरता येते का?

चित्र दिसते म्हणजे ते मोकळे आहे, असे नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ‘सीसी झिरो’ असेल तर कोणतीही अट नाही, ‘बाय’ असेल तर निर्मात्याचे नाव द्यावे लागते आणि ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. पेट्रिऑनसारख्या ठिकाणी वर्गणी भरून घेतलेले संच बहुधा वैयक्तिक खेळासाठी असतात, आणि ते गटाच्या सामाईक ड्राइव्हवर सर्वांना उतरवून घेण्यासाठी ठेवणे अटींचा भंग ठरू शकते. जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचव्या आवृत्तीची मूळ नियमसंहिता ‘बाय’ परवान्याखाली खुली झाली, तेव्हापासून पुस्तकांतील चित्रेही खुली झाली असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे, कारण त्या संहितेत मजकूर आहे, चित्रे नाहीत.

टोकन आत घेतानाच त्याचा स्रोत आणि परवाना एका तक्त्यात नोंदवावा. खेळाचे चित्रीकरण प्रसारित करण्याचा विचार पुढे कधी झाला, तर हीच नोंद कामी येते. चित्रकारांनी मेहनतीने काढलेल्या कामाची दाद देण्याचा हा किमान मार्ग आहे.

खानदेशात घडणाऱ्या मोहिमेसाठी टोकन कसे जमवावेत?

असा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढत आहे, याचा मला विशेष आनंद होतो. तयार संच बहुतेक युरोपीय मध्ययुगावर बेतलेले असतात. त्यांतील किल्ल्यांचे पहारेकरी थाळनेर किंवा लळिंगच्या तटावर उभे केले तर ते परके दिसतात. आपल्याकडे मोहिमेला साहित्य भरपूर आहे : चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६०१ पर्यंत टिकलेले फारुकींचे राज्य, तापीवरचे उतार, सातपुड्याच्या घाटवाटा, आणि दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार.

प्राण्यांपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. सातपुड्यात अस्वल, बिबट्या, तरस आणि कोल्हा आढळतात, आणि विकिमीडिया कॉमन्सवर त्यांची परवानामुक्त किंवा नामनिर्देशाची अट असलेली छायाचित्रे मिळतात. ती गोल कापून, एकसारखे कडे लावून टोकन करता येतात. कड्याचा रंग ठरवून घ्यावा, म्हणजे पशूंना एक, शत्रूंना दुसरा आणि गावकऱ्यांना तिसरा, म्हणजे पटावर नजर टाकताच भेद कळतो. शस्त्रे आणि वस्तूंसाठी ‘गेम-आयकॉन्स’ या संकेतस्थळावरील चिन्हे उपयोगी पडतात. ती मुख्यतः ‘बाय’ परवान्याखाली आहेत, म्हणून श्रेय द्यावे.

माणसांच्या टोकनांसाठी शक्य असेल तर गटातील चित्र काढणाऱ्याकडून किंवा स्थानिक चित्रकाराकडून मोबदला देऊन चित्रे करून घ्यावीत. पागोटे, काठी, धनुष्य आणि नऊवारी यांचे बारकावे तयार संचांत मिळत नाहीत. येथे एक मर्यादा पाळावी, असे मी कळकळीने सुचवतो. सातपुड्यातील होळीत मोरपिसांचे टोप घालून नाचणारे लोक हे व्रतस्थ भक्त असतात, आणि त्यांची छायाचित्रे कापून ‘जंगली शत्रू’ म्हणून पटावर उभी करू नयेत. ते आपले शेजारी आहेत. जिवंत माणसांच्या चेहऱ्यांची टोकन त्यांच्या परवानगीशिवाय करूच नयेत.

असे स्वतः जमवलेले टोकन ‘मूळ’मध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवावेत आणि त्यांची काळजी सर्वाधिक घ्यावी. विकत घेतलेला संच पुन्हा उतरवून घेता येतो, हे टोकन गेले की गेले.

सुरक्षित प्रती किती आणि कुठे ठेवाव्यात?

एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा सर्वमान्य नियम येथेही पुरेसा आहे. ‘वापरातील’ फोल्डर वेबपीमुळे इतका लहान होतो की गूगल ड्राइव्हच्या विनामूल्य १५ जीबीत सहज मावतो. ‘मूळ’साठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून ती डिस्क पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नये. वीज अचानक जाण्याचा संभव असतो, तेव्हा मोठी प्रत लॅपटॉपच्या बॅटरीवर किंवा यूपीएसवर घ्यावी, आणि प्रत पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत मूळ जागेवरून काहीही पुसू नये. फाउंड्री वापरणाऱ्यांनी केवळ चित्रांची प्रत घेऊन थांबू नये, मोहिमेच्या जगाचा फोल्डरही सोबत घ्यावा, अन्यथा चित्रे राहतात आणि त्यांची मांडणी जाते.

सत्राच्या आदल्या दिवशी नेमकी कोणती तयारी करावी?

या सत्रात लागण्याची शक्यता असलेली वीस-पंचवीस टोकन पटावरच, खेळाडूंना न दिसणाऱ्या एखाद्या वेगळ्या दृश्यात मांडून ठेवावीत. तेथून प्रत करून मुख्य नकाशावर आणणे फोल्डर उघडण्यापेक्षा जलद होते. यांत पाच-सहा टोकन ‘कोणत्याही प्रसंगाला’ म्हणून असावीत : एक गावकरी, एक गावकरीण, एक पहारेकरी, एक वाटसरू, एक जनावर आणि एक अनोळखी सावली. खेळाडू कोठे वळतील ते सांगता येत नाही.

गटातील दोघे-तिघे मिळून एकच संग्रह वापरत असतील तर?

तर नवीन टोकन आत घेण्याचा अधिकार एकाकडेच असावा. इतरांनी आपली टोकन ‘आवक’ नावाच्या फोल्डरात टाकावीत, आणि जबाबदार व्यक्तीने शब्दयादीनुसार नाव देऊन, आकार बदलून आणि परवाना नोंदवून ती पुढे हलवावीत. नाव काय द्यावे यावर मतभेद झाला तर जुन्या फाइलींत आधीपासून असलेला शब्द कायम ठेवावा, दुसरा शब्द अधिक चांगला वाटला तरीही. ‘आवक’ फोल्डर दर सत्राआधी रिकामा व्हायला हवा. तो सलग दोन सत्रे भरलेला राहिला, तर जबाबदारी दुसऱ्याकडे देण्याविषयी मोकळेपणाने बोलून घ्यावे.